डायल-अप लाइनची खरखर आणि दोन तारांचा तोल

टेलिफोन लाइनवरून इंटरनेटला जोडणारा डायल-अप मोडेम सेकंदाला २६,४०० बिट्सवर जोडतो, दर दोन मिनिटांनी अडखळतो, मध्येच लाइन सोडतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी इनिशियलायझेशन स्ट्रिंगकडे, म्हणजे मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांच्या ओळीकडे जातो. माझं मत उलट आहे. मोडेमच्या आज्ञांना सगळ्यात शेवटी हात लावावा, कारण दोष बहुधा तांब्यात असतो आणि आज्ञेने तांबं दुरुस्त होत नाही.

खरखरीची किंमत किती, ते आधी आकड्यांत पाहू. व्ही.३४ मोडेम (३३,६०० बिट्सपर्यंतच्या वेगाच्या मानकाचा) सेकंदाला साधारण ३,२०० सिम्बॉल, म्हणजे एकेकात कित्येक बिट्स वाहणारे संकेत पाठवतो. सिग्नल आणि नॉइज (खरखर) यांच्यातलं अंतर ३ डेसिबलने घटलं की प्रत्येक सिम्बॉलमागे जवळपास एक बिट कमी करावा लागतो, म्हणजे तीन-सव्वातीन हजार बिट्स गेलेच. ३३,६००ला टिकून राहायचं तर हे अंतर ३५ डेसिबलच्या पुढे हवं. बोलताना २५ डेसिबलची लाइन अगदी स्वच्छ वाटते. ‘फोनवर तर काहीच ऐकू येत नाही’ या वाक्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

खरखर वायरीत शिरते कशी, ही यातली मुख्य गोष्ट. टेलिफोनच्या जोडीतल्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून जातात. शेजारून जाणारी विजेची वायर दोन्हींत जवळपास सारखाच व्होल्टेज उमटवते. मोडेम मात्र फक्त दोन तारांमधला फरक बघतो, आणि दोन्हींत सारखंच असेल तर फरक शून्य. लाइन शांत राहते ती या तोलामुळे. समजा बोलण्याच्या पट्ट्यातला १ व्होल्ट नॉइज दोन्ही तारांवर बसलाय. लाइनचा तोल ६० डेसिबल असेल तर त्याचा हजारावा हिस्सा, म्हणजे १ मिलिव्होल्ट मोडेमपर्यंत पोचेल. मोडेमकडे येणारा सिग्नल उणे २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) धरला तर तो ६०० ओहमवर सुमारे ७७ मिलिव्होल्ट भरतो. अंतर झालं ३८ डेसिबल, छान. आता एका तारेचा एकच जोड गंजला, किंवा एका तारेतून ओलीत थोडी गळती झाली आणि तोल ४० डेसिबलवर आला. तोच नॉइज १० मिलिव्होल्ट होऊन पोचतो, अंतर १८ डेसिबल उरतं आणि ३३,६००चा मोडेम दहा-बारा हजारांवर येऊन बसतो. बाहेरचा नॉइज वाढलेला नाही, फक्त तोल गेलाय. खाली जे काही करायचं आहे, त्यातलं बरंचसं या तोलासाठीच.

आधी कान

वायरवाला साधा फोन घ्या. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःची सूंसूं असते. रिसीव्हर उचला आणि एकच आकडा दाबा. डायल टोन थांबतो आणि एक्सचेंज पुढच्या आकड्याची वाट बघत काही सेकंद गप्प राहतं. तेवढ्यात माऊथपीस तळव्याने घट्ट झाका, नाहीतर खोलीतला पंखासुद्धा कानात येतो. असं चार-पाच वेळा करा. एकदा कोरड्या हवेत आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर केलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

एकसुरी हलकी सूं प्रत्येक लाइनवर असते, तिच्यामागे लागू नका. घुंई असा जाड सूर म्हणजे विजेच्या वायरीचा शिरकाव. गंमत अशी की ५० किंवा ६० हर्ट्झचा मूळ सूर टेलिफोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्याबाहेर असतो. मोडेमला छळतात त्याचे विषम पटीतले सूर, ५० हर्ट्झच्या विजेवर ३५०, ४५०, ५५० असे. तडतड आणि करकर हा सैल किंवा ओल्या जोडाचा आवाज, वायर हलवली की बदलणारा. सेकंदाला एक अशी नेमाने टक्-टक् येत असेल तर जवळपास कुठे गुरांसाठीचं विजेचं कुंपण आहे का बघा. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत असेल तर इन्सुलेशन गेलंय किंवा जोड्या फुटल्यात: एका जोडीतली एक तार आणि दुसऱ्या जोडीतली एक तार चुकून एका लाइनला लागलीय. फुटलेल्या जोडीवर डायल टोन व्यवस्थित येतो, बोलणंही होतं, फक्त पिळाचा उपयोग शून्य होतो. बरीच कोडी इथे सुटतात, म्हणून रंग मोजून बघावेत.

आणखी एक खूण. एखादा फोन येऊन रिंग वाजून गेली की लाइन थोडा वेळ स्वच्छ होते, मग पुन्हा करकर सुरू. ही गंजलेल्या जोडाची जवळजवळ सहीच समजा. रिंगचा ७५ ते ९० व्होल्टचा एसी गंजाचा पातळ थर फोडून वाट करतो, ती वाट हळूहळू बुजते. असा जोड डायोडसारखाही वागतो, त्यामुळे जवळच्या मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्राची गाणी लाइनवर ऐकू येऊ शकतात. तिथे आधी फिल्टर शोधण्यापेक्षा जोड शोधावा.

निम्मं-निम्मं करत जा

बाहेरची वायर घरात जिथे येते, तो डबा किंवा पहिली रोझेट (भिंतीवरचा जोडणीचा डबा) उघडा. रिंग आली तर झटका बसतो, तेव्हा उघड्या तारांना ओल्या हाताने शिवू नका, आणि आभाळात गडगडाट असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा. घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सोडा. एक सोडून चालत नाही, कारण अर्धी लटकलेली वायर अँटेना होते. बाहेरून आलेल्या जोडीला थेट साधा फोन लावा आणि शांततेची चाचणी पुन्हा करा. खरखर तशीच असेल तर घरातलं काहीही बदलून उपयोग नाही. गेली असेल तर घरातले फाटे एकेक करून परत जोडा आणि प्रत्येक वेळी ऐका.

मल्टिमीटर असेल तर घराची वायरिंग बाहेरच्या लाइनपासून सुटी असताना, सगळी उपकरणं प्लगमधून काढून, दोन तारांमधला रोध मोजा. मग प्रत्येक तार आणि अर्थिंग यांच्यामधला मोजा. २० मेगाओहमच्या पट्टीवरही मीटरने ‘बाहेर’ दाखवायला हवं. काहीशे किलोओहम दिसले तर गळती आहे. चालू लाइनवर ओहमची पट्टी कधीच लावायची नाही. मीटर जातो आणि आकडाही खोटा येतो. चालू लाइनवर डीसी व्होल्ट मोजा: फोन ठेवलेला असताना बहुधा ४८च्या आसपास, उचलल्यावर ६ ते १२. उचललेल्या फोनच्या रांगेत मिलिअँपिअर मोजले तर २० ते ५० यावेत. २०च्या खाली गेलं की जोडांचा रोध वाढलाय किंवा लाइन फार लांब आहे. शेवटी एसी व्होल्टच्या पट्टीवर एकेक तार अर्थिंगशी ताडून बघा. दोन्हींचे आकडे साधारण सारखे आले तर तोल शाबूत. एक दुसऱ्याच्या कित्येक पट आला तर कुठली तार आजारी आहे, हेही तिथेच कळतं.

घरातले नेहमीचे गुन्हेगार

सगळ्यात आधी जोड. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी, हा प्रकार पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. काळी पडलेली टोकं कापून ताजं तांबं काढा. जेली भरलेला कनेक्टर वापरा: इन्सुलेशन न सोलता दोन्ही तारा तळापर्यंत सरकवायच्या आणि बटण पक्कडीने सरळ दाबायचं. दाब तिरका पडला तर आतली पट्टी एकाच तारेला चावते आणि तुम्ही नवाच दोष बसवता. जेली बाहेर आलेली दिसली की जोड बरोबर बसला. स्क्रूच्या रोझेटमध्ये तार स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. आरजे-११ सॉकेटच्या सोनेरी तारा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हिरवट डाग दिसला तर पुसत बसू नका, सॉकेटच बदला.

मग कॉर्ड. चपटी कॉर्ड दोन मीटरपर्यंत ठीक; तिच्यात पीळ नसतो आणि एवढ्या अंतरात तो लागतही नाही. पण दहा-पंधरा मीटरची चपटी कॉर्ड विजेच्या एक्स्टेन्शनसोबत टेबलामागून नेली की घुंईला आमंत्रण. लांबचं अंतर असेल तर कॅट-५ वायर घ्या आणि तिची एकच पिळाची जोडी वापरा. उरलेल्या जोड्या मोकळ्या ठेवा. ‘दुप्पट तांबं, दुप्पट चांगलं’ म्हणून त्या समांतर जोडणारे भेटतात; त्याने फक्त कपॅसिटन्स वाढतो आणि वरच्या फ्रीक्वेन्सी मंदावतात. विजेच्या वायरीपासून ३० सेंटिमीटर दूर राहा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

न वापरलेल्या फाट्यांबद्दल बरंच बोललं जातं. टेलिफोन केबलचा कपॅसिटन्स किलोमीटरला सुमारे ५० नॅनोफॅरड असतो, म्हणजे घरातला २० मीटरचा मेलेला फाटा १ नॅनोफॅरड. बोलण्याच्या पट्ट्यात तो नगण्य. तरी मी तो कापायलाच सांगेन, पण कारण वेगळं: त्याच्या टोकाला एखादं ओलं, विसरलेलं सॉकेट असतं, आणि तोल तिथे जातो.

समांतर जोडलेली उपकरणं: दुसरा फोन, आन्सरिंग मशीन, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा, अलार्मचं पॅनेल. सगळ्यांचे प्लग उपसा. नुसतं बंद करून भागत नाही, त्यांचं आतलं सर्किट लाइनवरच राहतं. एकटा मोडेम लावून वेग बघा, मग एकेक परत लावा. कॉर्डलेस फोनचा बेस आणि स्वस्त कॉलर आयडी इथे सर्रास सापडतात. मोडेमला प्रवेशाच्या डब्यातून थेट स्वतंत्र वायर द्या. टेबलावरचा फोन मोडेमच्या ‘फोन’ सॉकेटमध्ये लावा, बऱ्याच मोडेममध्ये जोडणी सुरू असताना तो रिलेने तुटतो.

सर्ज प्रोटेक्टर हा कोणाच्या ध्यानीमनी नसतो. त्यातला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) वीज झेलून-झेलून थकतो आणि लाइन आणि अर्थिंग यांच्यामध्ये हळूच गळू लागतो, तेही दोन तारांपैकी एकीवर जास्त. वादळानंतर वेग उतरला आणि पुन्हा चढलाच नाही, तर आधी प्रोटेक्टर बाजूला काढून एक कॉल करा. बदलायचा झाला तर गॅस ट्यूबवाला घ्या, त्याचा कपॅसिटन्स फक्त काही पिकोफॅरड असतो.

कॉम्प्युटरही निर्दोष नसतो. आतला कार्ड मोडेम ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायपासून जितका दूरच्या स्लॉटमध्ये बसेल तितका बरा. बाहेरचा सीरियल मोडेम त्याहून बरा, फक्त त्याचा ॲडॅप्टर टेलिफोन कॉर्डवर आडवा टाकू नका. लॅपटॉप असेल तर चाचणी फार सोपी: चार्जर काढून बॅटरीवर कॉल करा. वेग बदलला तर चार्जरची गळती किंवा बिनअर्थिंगचा बोर्ड, दोहोंपैकी एक.

रेडिओचा शिरकाव जोड बदलूनही राहिला तर फेराइट (रेडिओ लहरी अडवणारा चुंबकीय पदार्थ) लावा. कॉर्डवर एक फेराइटची क्लिप अडकवून मध्यम लहरींवर जवळजवळ काही होत नाही. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. एका वेढ्याऐवजी दहा वेढे दिले तर शंभर पट. मोठी रिंग घ्या, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाची चालेल, आणि मोडेमच्या अगदी तोंडाशी पूर्ण कॉर्ड आठ-दहा वेळा तिच्यातून काढा. दोन्ही तारा एकत्रच जातात, त्यामुळे मोडेमच्या सिग्नलला धक्का लागत नाही. अडतं ते दोन्हींवर सारखं बसलेलं तेवढंच.

दोष बाहेर असेल तर

तक्रार नोंदवताना ‘मोडेम हळू चालतो’ म्हणू नका. ‘बोलताना करकर येते, पाऊस पडला की वाढते, घराची वायरिंग सोडून तपासलं तरी येते’ असं सांगा. टेलिफोन सेवेचं बंधन आवाजापुरतं असतं, आणि या वाक्याने लाइनमनला कुठे बघायचं ते कळतं. जोडी बदलून मागा. डीपीत (जिथून घरोघरी जोड्या जातात त्या डब्यात) मोकळी चांगली जोडी असेल तर हा सगळ्यात जलद उपाय.

एक गोष्ट खरखरीसारखी दिसते, पण खरखर नसते. लाइन शांत आहे, तरी वेग रोज बरोब्बर २६,४००, पाऊस असो की ऊन. आकडा हलत नाही याचा अर्थ मध्ये कुठेतरी एकाच जोडीवर दोन ग्राहक चढवणारं उपकरण किंवा आणखी एक ॲनालॉग-डिजिटल रूपांतर आहे. व्ही.९०ला (५६के मोडेमच्या मानकाला) सगळ्या वाटेवर असं रूपांतर एकच चालतं, ते ग्राहकाच्या बाजूच्या एक्सचेंजवर. कार्यालयाच्या ईपीएबीएक्समागे (अंतर्गत एक्सचेंजमागे) ५६के मोडेम ५६के होत नाही, त्याचंही कारण हेच. आणि लांब लाइनवर लोडिंग कॉइल (लांबवर बोलणं नीट पोचावं म्हणून घातलेली वेटोळी) असतील, साधारण १,८३० मीटरवर एक ८८ मिलिहेन्री, तर ३,४०० हर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. तिथे वरचे सिम्बॉल रेट मिळणारच नाहीत.

आता मोडेम

(आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरा.) विंडोज ११५,२०० दाखवत असेल तर तो कॉम्प्युटर ते मोडेम हा वेग आहे, लाइनचा नव्हे. रॉकवेल घराण्यातल्या (त्या कंपनीच्या चिपवरच्या) मोडेमवर ‘एटीडब्ल्यू२’ दिल्यावर लाइनचा खरा वेग कळतो. कॉल संपल्यावर यूएस रोबोटिक्सवर ‘एटीआय६’ आणि ‘एटीआय११’, कोनेक्झंटवर ‘एटी&व्ही१’ द्या. रीट्रेन (मोडेमनी मध्येच थांबून लाइनशी नव्याने जुळवून घेणं) किती झाले, सिग्नल-नॉइजचं अंतर किती, येणारी पातळी किती, एवढं टिपून ठेवा. पातळी उणे १० ते उणे २५ डीबीएममध्ये असावी. प्रत्येक कॉल एक्सचेंजमधून वेगळ्या वाटेने जाऊ शकतो, म्हणून एका कॉलवरून निष्कर्ष काढू नका. कुठलाही बदल करण्याआधी पाच आणि नंतर पाच, त्याच नंबरवर.

रीट्रेनचा हिशेब इथे कामी येतो. एका रीट्रेनला १२ सेकंद गेले आणि तो मिनिटाला एकदा होत असेल, तर ३३,६००चे हातात पडतात २६,९००. बांधलेला स्थिर २८,८०० त्याहून जास्त माल आणतो. व्ही.४२ची चूकदुरुस्ती बिघडलेली फ्रेम पुन्हा मागवते, म्हणून फाइल खराब होत नाही. पण त्या मागवण्यातच वेळ जातो आणि पान मध्येच थबकतं. तेव्हा तांब्याचं सगळं करून झाल्यावरही रीट्रेन उरले, तर वरची मर्यादा घाला: कोनेक्झंटवर ‘एटी+एमएस=व्ही३४,१,३००,२८८००,३००,२८८००’, जुन्या रॉकवेलवर ‘एटी+एमएस=११,१,३००,२८८००’, यूएस रोबोटिक्सवर (तिथे नुसती ही आज्ञा मर्यादेऐवजी तोच एक वेग बांधते) ‘एटी&एन१४’. विंडोजमध्ये ही ओळ मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्ड भागात, जादा आज्ञांच्या चौकटीत जाते, तिथे सुरुवातीचं ‘एटी’ लिहायची गरज नसते. मर्यादा एकेक पायरी, २,४०० बिट्सनी उतरवा आणि रीट्रेन थांबले की तिथेच राहा. रॉकवेलवर ‘%ई२’ने मोडेम स्वतः खाली-वर होतो.

एस१० रजिस्टर हे कॅरिअर (समोरच्या मोडेमचा सूर) गेल्यावर किती वेळ थांबायचं ते ठरवतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. ‘एस१०=५०’ दिलं की पाच सेकंदांची सबुरी मिळते; क्षणिक कडकडाटाने लाइन सुटत नाही. यात नॉइज काडीचाही कमी होत नाही, हे ध्यानात असू द्या. ठरावीक काळाने नव्हे, भलत्याच वेळी लाइन पडत असेल तर कॉल वेटिंगची पिप आठवा. ती बंद करायचा कोड सेवेनुसार वेगळा असतो. तो नंबरच्या आधी लिहून पुढे स्वल्पविराम द्या, म्हणजे मोडेम सहसा दोन सेकंद थांबून पुढचा नंबर फिरवतो.

वेग उत्तम, रीट्रेन शून्य, तरी पीपीपीच्या (इंटरनेट जोडणीच्या) सीआरसी चुका, म्हणजे तपासणीत बिघडलेली ठरलेली पॅकेट्स, वाढताहेत? मग लाइनला दोष देऊ नका. चूकदुरुस्ती चालू असताना नॉइज एवढ्या पुढे येत नाही. बाइट्स मोडेम आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये सांडताहेत. १६५५०ए यूएआरटी (सीरियल पोर्टची चिप) आहे का, तिचा १६ बाइटचा फिफो (तात्पुरता साठा) चालू आहे का, आणि आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल (तारांवरून ‘थांबा-पाठवा’ सांगण्याची सोय) दोन्हीकडे आहे का, ते तपासा. सॉफ्टवेअरवाला एक्सऑन-एक्सऑफ फ्लो कंट्रोल ठेवला तर बायनरी फाइलमधला एखादा बाइटच ‘थांबा’ असा हुकूम देऊन बसतो.

तांब्याऐवजी इंटरनेटवरून फोन येत असेल, म्हणजे मोडेम व्हॉइप ॲडॅप्टरमागे असेल, तर वरचं वायरिंगचं बहुतेक सगळं बाद. तिथे हरवलेलं पॅकेट हाच नॉइज. कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करायची पद्धत) जी.७११ पक्का करा, शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय आणि एको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारी सोय) बंद ठेवा, जिटर बफर (मागे-पुढे येणारी पॅकेट्स सावरणारा साठा) ठरावीक आकाराचा ठेवा, कारण आपोआप लहान-मोठा होणारा बफर प्रत्येक बदलाला रीट्रेन करवतो. मर्यादा ९,६००वर घालून सुरुवात करा; तो कॉल अर्धा तास टिकला तर १४,४०० करून बघा.